वाऱ्याच्या खालच्या अंगाला

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर कुठे जाऊन आलात असं कुणी विचारलं, की मी "महाड-पोलादपूर" म्हणायची. पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "मग रायगड चढलात की नाही?" नाही म्हटलं की समोरचा माणूस माझ्याकडे फार दयेनं बघायचा. रायगड मी खालूनच पाहिला, तोही जीपच्या खिडकीतून, मांडीवर हातमोज्यांचं खोकं सांभाळत. पण त्या चार-सहा दिवसांत जे पाहिलं ते गडावर गेले असते तर दिसलं नसतं.

माझी धाकटी नणंद सुनंदा पुण्यात बायकांची डॉक्टर आहे. वर्षातून एकदा ती कोकणातल्या गावांमध्ये जाऊन बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करते, कॅन्सर वेळेत सापडावा म्हणून. त्या वर्षी तिची मदतनीस आजारी पडली आणि तिनं मला फोन केला.

"वहिनी, तू चल."

"मी? मी तिथे काय करणार?"

"बोलायचं. रांगेत बसलेल्या बायका घाबरतात, त्यांच्याशी गप्पा मारायच्या. तुला दुसरं येतं तरी काय?"

नणंदेनं केलेलं कौतुक असंच असायचं. मी बॅग भरली. वरंधा घाट उतरून महाडला आलो तेव्हा उन्हानं डोकं उठलं होतं. तिथे आम्हाला लतासिस्टर मिळाल्या. महाडच्याच होत्या, आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर त्यांचा राबता असायचा. आदल्या दिवशी गावात जाऊन घरोघर निरोप देणं हे त्यांचं काम.

तुडील

तुडील सावित्रीच्या काठी आहे. भरती आली की खाडीचं पाणी नदीतून वर चढतं आणि ओहोटीला काठावर नुसता चिखल चकाकत राहतो. कोकण म्हणजे समुद्र, नारळ आणि वाळू अशी माझी समजूत होती. इथे समुद्र कुठेच दिसत नव्हता, तरी जेवणात मासे होते आणि हवेला खारा वास होता.

शाळेच्या व्हरांड्यात बायका गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या. एकीनंही डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. आत सुनंदा काय करते ते मी सांगायला लागले. गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरचा बोळा लावायचा, जरा थांबायचं, आणि पांढरा डाग उमटला तर पुढचा उपाय करायचा. दुखत नाही, पोट कापत नाहीत. व्हिनेगर म्हणजे काय ते कुणाला कळेना. मी बाटलीचं बूच उघडून वास दिला.

"लोनचं घालताय काय गो आमचं?" एक म्हातारी म्हणाली आणि सगळा व्हरांडा हसला.

"अगो, चायनीजच्या गाडीवर असतंय तेच," मुंबईला भांडुपला राहून आलेल्या एका सुनेनं खुलासा केला. त्यानंतर दिवसभर आमच्या तपासणीचं नाव चायनीज पडलं. "तुझं चायनीज झालं का?" असं एकमेकींना विचारत बायका आत जात होत्या. सुनंदाला ते मुळीच आवडलं नाही. मला फार आवडलं.

दुपारी सुनंदानं स्वतः बाहेर येऊन थोडं समजावलं. हा आजार एका विषाणूनं होतो. नवरा-बायकोच्या संबंधातून तो येतो, वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहतो. बहुतेकींचा आपोआप जातो, एखादीचा जात नाही. कोवळ्या वयात लग्न झालेल्या, खूप बाळंतपणं झालेल्या, तंबाखूची सवय असलेल्या बायकांना धोका जास्त. मग मागून कुणीतरी विचारलं, "म्हंजे येतो पुरुषाकडनं?"

"बऱ्याचदा, हो."

"मंग तपासायला आमालाच का बोलवलाव?"

पुन्हा हशा झाला, पण या वेळचा हशा जरा वेगळा होता. बोलणारीचा नवरा मुंबईत आणि ती इथे, आणि अशा तिथे बऱ्याच जणी होत्या. सुनंदानं सरळ उत्तर दिलं, की पुरुषांची अशी तपासणी नाही, आणि हा कॅन्सर व्हायचा तो बाईलाच होतो. "असंच असतंय," एकजण म्हणाली आणि पदर सावरून आत गेली.

तंबाखू म्हणजे इथे मशेरी. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू बायका सकाळी बोटानं दातांना लावत बसतात. आमच्या मुक्कामाच्या घरी मला चहाच्या आधी मशेरीचाच वास आला. सुनंदा बघत नाही असं पाहून मी चिमूटभर लावून बघितली. पुढचा अर्धा तास मी ओटीवर आडवी होते आणि घरच्या माणसांना वाटलं पुण्याच्या बाईंना ऊन लागलं. घरमालकिणीनं मात्र ओळखलं. तिनं मला लिंबाचं सरबत दिलं आणि सुनंदाला काही सांगितलं नाही.

कुडपण

कशेडी घाटात ट्रक आडवा झाला होता म्हणून पोलादपूरच्या अलीकडेच हायवे तुंबला. तिथून पुढे सुटून कुडपणची वाट धरली तेव्हा दिवस कलला होता. चढ आणि वळणं यांना अंत नाही. काटेसावरीला एकही पान नव्हतं, नुसती लाल फुलं. उतारावर भातरोपांसाठी पालापाचोळा जाळून, राब भाजून ठेवलेले जमिनीचे काळे तुकडे दिसत होते. आणि मग एकदम चढ संपला आणि आम्ही पठारावर आलो. खाली दऱ्या, मध्ये गाव, नाचणीची कापलेली शेतं, चरायला सोडलेली गुरं. फाल्गुन असूनही रात्री गोधडी लागली. महाडच्या उकाड्यातून आल्यावर मला तर हे माहेरच वाटलं.

लतासिस्टर आमच्या आधीच येऊन निरोप देऊन गेल्या होत्या. तो निरोप सगळीकडे सारखाच असे, अंघोळ करून या, जेवून आलात तरी चालेल, आणि पाळी चालू असेल तर येऊ नका. शेवटच्या अटीचं कारण साधं होतं. रक्त असलं की व्हिनेगरचा पांढरा डाग दिसत नाही.

सकाळी शाळेत काम सुरू झालं. दुपारी मला जेवायला शाळेशेजारच्या घरी पाठवलं, सुनंदा आणि सिस्टर मागून येणार होत्या. घरात भागीरथीचं कुटुंब राहत होतं. तिला सगळे भागी म्हणत. तिचा नवरा मुंबईत वॉचमन, मुलगाही तिकडेच. घरी तिची सासू, तिची सून सुरेखा आणि दावणीला म्हशी. सासूला गावात थोरली म्हणत. हातात काठी, कपाळावर गोंदण, आणि आवाज असा की म्हैससुद्धा कान टवकारायची.

सुरेखानं नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि वर घरच्या लोण्याचा गोळा वाढला. पुण्यात मी तोळ्याच्या काट्यानं लोणी खाते, इथे मागून घेतलं. अंगणाच्या टोकाला गोणपाटावर एक पन्नाशीची बाई आपली वेगळी ताटली घेऊन बसली होती. तीच भागी. मला बोलायला आणलंय म्हणून मी ताट घेऊन तिच्याजवळ सरकले. ती उठली आणि पलीकडे जाऊन बसली. लाजत असेल, म्हणून मी तिथूनच काहीबाही विचारत राहिले. ती छान हसून बोलत होती. थोड्या वेळानं वारा फिरला, तशी ती पुन्हा उठली आणि गोणपाट ओढत दुसऱ्या कोपऱ्यात गेली. वारा जिकडून येईल त्याच्या खालच्या अंगाला ती जाऊन बसत होती.

"ती अशी लांब का बसते हो?" मी थोरलीला विचारलं.

"कडेला हाय ती."

पाळीच्या दिवसांत बाईनं वेगळं बसायचं, स्वयंपाकघरात यायचं नाही, दुधाला आणि गुरांना शिवायचं नाही, हे मलाही नवीन नव्हतं. माझ्या आईच्या घरी हेच होतं. मी सहज विचारलं, "आज कितवा दिवस?"

"दिवाळीपास्नं," थोरली म्हणाली.



भागीनंच पुढचं सांगितलं, जरा गमतीनंच. "लेकीच्या लग्नाच्या वक्ताला माझं गेलंवतं बगा. सुटले म्हनलं. तर हे परत आलं. बाया हसतात मला, भागी परत तरनी झाली म्हनतात." मग आवाज खाली आणून म्हणाली, "थांबतच नाय ताय. आन वास मारतो. म्हनून वारा बघून बसते. तुमी जेवताय, तुमाला नको."

मी ताट तिथेच ठेवलं आणि शाळेकडे धावले. या वयात मी धावते याचं कुणाला कौतुक वाटलं नाही, सुनंदा मात्र माझं तोंड बघूनच हातमोजे घालायला लागली. भागीला घेऊन आलो तेव्हा ती दाराबाहेरच थांबली.

"सकाळी का नाही आलात, भागीताई?" सुनंदानं विचारलं.

"तुमचीच शिस्टर सांगून गेली ना, कडेला असंल तिनं येव नको. मी कशी येनार?"

निरोप बरोबर होता. भागीनंही तो बरोबरच पाळला होता. गावातल्या प्रत्येक निरोगी बाईला आम्ही हाक मारली होती आणि जिच्यासाठी एवढा घाट चढून आलो, तिला आम्हीच घरी बसायला सांगितलं होतं. मला इतका राग आला, आणि तो कुणावर काढावा तेच कळेना.

सुनंदानं तपासलं. व्हिनेगरची बाटली तिनं उघडलीच नाही, गाठ नुसत्या डोळ्यांनाच दिसत होती. बाहेर येऊन ती बराच वेळ हात धूत राहिली.

मग अंगणात बसून तिनं समजावलं. ही पाळी नाही. पाळी गेल्यावर आलेलं रक्त हे आजाराचं रक्त आहे. उद्याच महाडला चला, तुकडा काढून तपासू, आणि लागलंच तर मुंबईला मोठ्या दवाखान्यात. आज हे आटोक्यात असण्याची आशा आहे, उशीर केला तर नाही.

भागी सगळं ऐकून म्हणाली, "शिमगा झाला की येते."

शिमग्यात गावदेवीची पालखी घरोघर फिरते. तिच्या अंगणात पालखी आली की घरच्या सवाष्णीनं देवीची ओटी भरायची. त्यालाच नवरा आणि मुलगा मुंबईहून येणार होते. ती सुनंदाच्या अगदी जवळ सरकली, पहिल्यांदाच वाऱ्याचा विचार न करता, आणि म्हणाली, "डाक्टरीनबाय, लग्नात-कार्यात बाया गोळी घेतात ना पाळी पुढं ढकलायची, ती द्या. पालखी येईपतूर थांबलं तर बास. लगीन होऊन आले तवापास्नं ओटी मीच भरते. देवी दारात येनार आन मी काय मागल्या दारी तोंड लपवून बसू? येवढं करा. मंग कुटं बी न्या, काय बी कापा."

सुनंदाला ती गोळी देता येत नव्हती आणि दिली तरी उपयोग नव्हता. तिनं तसं सांगितलं. भागीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी बोलण्यासाठी आणलेली बाई, मी पण रडले.

थोरली ओसरीवर बसून सगळं ऐकत होती. एवढे महिने भागीला वरून पाणी घालणारी, भाकरी लांबून टाकणारी तीच. ती आता काय बोलणार ते मला ठाऊक होतं, असं मला वाटलं. तिनं काठी आपटली.

"भागे, रडू नको. पालखी दर सालाला येते गो. तुझ्याबिगर बी येईल. तू गेलीस तर मी कोनाची वाट बघू?"

"पन आत्याबाय, ओटी..."

"सुरेखा भरंल. ती काय सवाशीन नाय? लुगडी बांध. मी बी येते संगट. घरात बाप्या नाय म्हनून काय तू एकलीच जाशील?"

निघायच्या आधी सुनंदानं लतासिस्टरांना पुन्हा गावभर फिरायला लावलं. निरोप बदलला, ज्यांना अवेळी रक्त जातं, पाळी गेल्यावर जातं, संबंधानंतर जातं, त्यांनी आधी यावं. वरच्या वाडीतून आणखी एक बाई अशीच मागच्या पडवीतून उठून आली. तिचं दुखणं सुदैवानं किरकोळ निघालं. पण तीही आमच्या सांगण्यावरूनच घरी बसली होती.

खाली

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप निघाली. भागी सवयीनं मागे, स्टेपनीच्या शेजारी जाऊन बसली. थोरली मधल्या सीटवर काठी उभी धरून ताठ, तिच्या अंगाला कुणाचं अंग लागू नये एवढी जागा तिनं दोन्हीकडे राखली होती. सुनेला दवाखान्यात न्यायचं म्हणजे काही शिवाशिव संपली असं नव्हतं. मी आपली खिडकीपाशी चिकटून होते.

थोरली जीपमध्ये पहिल्यांदाच बसत होती, हे आम्हाला पहिल्या वळणानंतर कळलं. दुसऱ्या वळणावर तिचं गोंदण पांढरं पडल्यासारखं दिसायला लागलं. तिसऱ्या वळणावर तिनं काठी टाकली आणि "भागे! भागे गो!" अशी हाक मारली. भागी मागच्या सीटवरून कशी पुढे आली देवच जाणे. पुढचा सगळा घाट थोरली भागीच्या मांडीवर डोकं ठेवून ओकत होती आणि भागी एका हातानं तिचं कपाळ दाबत, दुसऱ्या हातानं तिच्या तोंडाशी स्वतःचा पदर धरत होती. दिवाळीपासून राखलेलं सोवळं असं वळणावळणावर सांडत गेलं. मी थोडा वेळ हसू दाबत होते आणि मग खिडकीबाहेर बघत डोळे पुसत होते.

पोलादपूरला उतरलो. आता म्हातारी अंघोळीचं पाणी मागणार, म्हणून ड्रायव्हर नळ शोधायला निघाला. थोरलीनं त्याला थांबवलं.

"पानी नको. चा सांग. दोन. आमच्या दोघींला."

महाडला तुकडा काढला. सुनंदानं मुंबईला फोन केले, भागीच्या नवऱ्याला निरोप पोचवला. तो रात्रीच्या गाडीनं आला. घाबरट चेहऱ्याचा, शर्टाची बटणं वर-खाली लावलेला माणूस. सुनंदानं आजार समजावल्यावर त्यानं एकच प्रश्न विचारला, "माझ्यामुळं झालं काय?" तुडीलला त्या बाईनं विचारलेला प्रश्न फिरून तिथे आला होता. सुनंदा म्हणाली, "ते आता कुणीच सांगू शकत नाही. तुम्ही तिला रोज दवाखान्यात नेता का, तेवढं सांगा." त्यानं मान हलवली आणि पुढे खरंच नेलं. तुकड्याचा निकाल कॅन्सरचाच आला, आणि मुंबईला भागीला शेक दिले, लाईट म्हणतात ते. त्या शिमग्यात पालखी आली तेव्हा भागी मुंबईत होती आणि ओटी सुरेखानं भरली.

पुन्हा कुडपण

पुढच्या फाल्गुनात सुनंदानं मला फोन केला नाही. मीच केला.

त्या वर्षी कुडपणला निरोप द्यायला लतासिस्टरांना फार फिरावं लागलं नाही. थोरली काठी टेकत त्यांच्या पुढे चालत होती आणि एकेका अंगणात उभी राहून ओरडत होती, "कोन कडेला हाय गो? जी कडेला हाय ती आधी या! लाजू नका, माझी भागी बी तशीच होती!" ते ऐकून दोन बाया तर केर काढता काढता तशाच आल्या.

पालखी संध्याकाळी येणार होती. भागीच्या अंगणात सारवण ओलं होतं, मुंबईहून आलेली माणसं ओसरीवर बसली होती. भागी बारीक झाली होती, केस विरळ वाटत होते, आणि अजून वर्षानुवर्षं तिला तपासायला जावं लागणार हे सुनंदानं मला वाटेतच सांगून ठेवलं होतं. पण ती चुलीपुढे होती. आम्हाला पाहून ती पदराला हात पुसत बाहेर आली, "बसा बसा, आधी जेवा" म्हणाली, आणि तिनं स्वतःच्या हातानं वाढलं. तीच नाचणीची भाकरी, तोच लोण्याचा गोळा. या वेळी तो मागावा लागला नाही, आपोआप दुप्पट आला.

मग तीही आपलं ताट घेऊन आमच्यात बसली. पठारावर दुपारचा वारा सुटला होता. तिच्या पाठीकडून तो येत होता, तिच्या अंगावरून आमच्याकडे, आणि त्याला चुलीच्या धुराचा आणि ताज्या भाकरीचा वास होता. भागी ओटीच्या खणाविषयी काहीतरी सांगत होती. वारा कुठून येतोय ते तिनं बघितलंसुद्धा नाही.